खंड्या उभा का राहिला?

१

शैलेशचं पत्र चोवीस नोव्हेंबरला आलं आणि पुढचे चौदा दिवस मी त्याला उत्तर दिलं नाही. वहीच्या एका पानावर, निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं पत्र होतं.

'सर, खंड्याला मी मारलं नाही. मीच मारलं असं तुम्ही म्हणालात, असं कळलं. कशावरून म्हणालात, एवढं लिहून कळवा. कंपनीने माझी जागा अडवून ठेवली आहे. पंधरा डिसेंबरच्या आत लेखी खुलासा मिळाला नाही तर ती जागा दुसऱ्याला जाईल. आपला, शैलेश.'

मी पत्र दोनदा वाचलं आणि शब्दकोशात ठेवून दिलं. नंतर रोज शब्दकोश उघडण्याचं टाळलं.

मी लवळ्याच्या एका महाविद्यालयात तीस वर्षं ग्रंथपाल होतो. आता पौडला एस.टी. स्टँडच्या मागे दोन खोल्यांत राहतो आणि सकाळची वेळ गावच्या वाचनालयात काढतो. शोध लावणारा माणूस मी नाही. नोकरीत असताना संदर्भग्रंथांतली पानं फाडून नेणारा एक प्राध्यापक मी ओळखला होता, तोही निम्मा नशिबाने. पण त्या एका गोष्टीवरून विद्यार्थ्यांमध्ये माझं नाव उगाच पसरलं. म्हणूनच पंधरा नोव्हेंबरच्या सकाळी पायल वाचनालयात आली, समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "सर, खंड्या मेला."

मुळशीला धरणाच्या काठावर खंड्या पुष्कळ दिसतात. मी विचारलं, "पक्षी?"

"तिरंदाज. अठ्ठ्याण्णव लेव्हलचा."

पायल तिसऱ्या वर्षाला होती. वडील कोंडीराम धरणावर मासेमारी करतात, आई जाईबाई लोकांच्या भाताला मजुरीने जाते. मुलगी लवळ्याला वसतिगृहात राहून शिकत होती. एवढं मला माहीत होतं. ती संगणकावरच्या एका खेळात सबंध देशात पहिली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

"कुणीतरी मारलाय त्याला," ती म्हणाली. "आणि तेव्हा मी परीक्षेला बसले होते."

२

तो खेळ तिने मला वाचनालयाच्या संगणकावर उघडून दाखवला. त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. मुलं नुसतं 'गेम' म्हणतात. तो तीन-तीन महिन्यांच्या हंगामांत चालतो. प्रत्येकाने एक योद्धा घडवायचा. राक्षस मारले की गुण मिळतात, गुण साठले की पातळी वाढते. शंभर ही शेवटची पातळी. पहिल्या तीस पातळ्या दोन-तीन दिवसांत होतात. शेवटच्या दोनला महिना पुरत नाही.

"आणि आम्ही हार्डकोअर खेळतो," पायल म्हणाली. "म्हणजे एकदा मेला की संपला. दुसरा जीव नाही. यादीत नाव राहतं, पण काळं पडतं."

यादी समोरच होती. चार हजार एकशे बारा नावं, पातळी आणि गुणांच्या क्रमाने लावलेली, प्रत्येकापुढे त्याने सुरुवात कधी केली आणि तो शेवटचा कधी खेळला त्या वेळा. सगळ्यात वर 'खंड्या', काळ्या अक्षरांत. पुढे लिहिलं होतं: मृत, १३ नोव्हेंबर, ११.१२.

बाणेरच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं होतं की हंगाम संपताना जिवंत योद्ध्यांत जो पहिला असेल, त्याला त्यांच्याकडे नोकरी. खंड्या मेला तेव्हा हंगाम संपायला आठ दिवस राहिले होते. आठ दिवसांत नवा योद्धा साठाव्या पातळीपर्यंत जाऊ शकतो, त्यापुढे नाही.

"आता पहिला कोण?" मी विचारलं.

"शैलेश. दुसरा होता तो. आमच्याच ग्रुपमधला."

तिने ते सांगताना यादीकडे पाहिलं नाही. मग पुढची माहिती दिली. गट तिघांचा: शैलेश, ती आणि तिची खोलीतली मैत्रीण किमया. तिघांना तिघांचे पासवर्ड माहीत होते, कारण परीक्षा असली की एकाची रोजची किरकोळ कामं दुसरा करायचा. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात शैलेश सगळ्यांत पुढे होता, तेव्हा दोघी त्याच्या मागे मागे चालल्या. मोठ्याबरोबर लहान चालला तर मोठ्याने मारलेल्या राक्षसांचे गुण लहानालाही मिळतात, आणि लहान भराभर वाढतो.

"मग त्याने उपकारच केले तुमच्यावर," मी म्हणालो.

"तेव्हा केले. पण सर, तुम्ही जागा बघा ना." तिने बोट ठेवलं. "खंड्या कुठे मेला? 'जुनी खाण'. ही पंचवीस लेव्हलवाल्यांची जागा आहे. तिथे त्याला काही होऊच शकत नाही. त्याचे सगळे गुण मी बाणांत घातलेत, चिलखत जवळजवळ नाही. पण तो सतत हलत असतो, त्यामुळे कुणाला सापडत नाही. त्या खाणीत मरायचं तर एकच मार्ग आहे. दगडी राक्षसासमोर जायचं आणि हात बांधून उभं राहायचं."

"म्हणजे कुणीतरी त्याला मुद्दाम उभं केलं."

"हो."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि परत आली.

"सर, मला नोकरी परत मिळायची नाही, ते कळतंय मला. पण ज्यांच्याबरोबर मी रोज जेवते, त्यांतल्या कुणी हे केलं, ते मला कळायला हवं. नाही तर मी जेवू कशी?"

३

लवळ्याला मला पायलचा मोठा भाऊ अभय घेऊन गेला. त्याची रिक्षा पौड-लवळे चालते. अभय सत्ताविशीचा, बोलका.

"जय भीम, सर. बसा. तुमीच ते शोध लावणारे व्हय?"

मी म्हणालो, तसं काही नाही.

"पोरगी दोन दिस जेवली न्हाई. माज्या गाडीत कॉलेजची पोरं बसतात, ती सांगायची, तुमची पायल सगळ्या देशात एक नंबर. मी म्हनायचो, कशात रं बाबांनो? अभ्यासात का?" तो हसला. "मला त्यातलं काय कळत न्हाई. पर माज्या बहिणीचं नाव व्हतं त्यात."

पुढे रस्ताभर तो बोलला नाही. मला ते बरंच वाटलं.

किमया मला कँटीनमध्ये भेटली. ती कोथरूडची. यादीत सातवी. माझ्यासाठी तिने न विचारता चहा सांगितला आणि स्वतःच सुरुवात केली.

"सर, मी सस्पेक्ट आहे ना? मस्त. विचारा."

"तेरा तारखेला अकरा वाजता कुठे होतीस?"

"व्हायव्हाला. एक्स्टर्नलसमोर घाम गाळत. अकरा ते अकरा वीस. पायल माझ्यानंतर होती, ती बाहेर बाकावर बसलेली, मोबाइल जमा केलेला. रजिस्टरला सह्या आहेत." ती पुढे झुकली. "आणि खरं सांगू? मी खंड्याला मारलं असतं ना, तर चांगल्या ठिकाणी मारलं असतं. त्या बालवाडीत नाही. इन्सल्ट आहे तो. वर तासभर तिथे फिरवलंय त्याला. दहापासून अकरापर्यंत."

"मग त्या तासात त्याचे गुण किती वाढले?"

"शून्य. मोठ्याला लहानांच्या जागेत काही मिळत नाही. एम.एस्सी.च्या मुलाने चौथीचं गणित सोडवलं तर मार्क देतं का कुणी?"

मी ते वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं, पण त्यावर विचार केला नाही.

"इंटरनेट बंद पडलं असेल तर?" मी विचारलं.

"तर तो उभा राहील, बरोबर आहे. नेट तुटलं तरी योद्धा दीड मिनिट तिथेच राहतो. नाही तर हरायला लागलं की लोक वायर काढून पळतील. पण सर, हॉस्टेलला जनरेटर आहे. तीन वर्षांत मी इथे अंधार बघितला नाही."

शैलेश वाईजवळच्या गावचा, अंगाने बारीक, बोलताना टेबलाच्या कडेला अंगठा घासणारा. त्याच्यात मला माझी तरुणपणची सवय दिसली आणि त्यामुळे तो मला आवडायला हवा होता. झालं उलटंच.

"मी पौडला गेलो होतो, सर. रिपोर्टच्या झेरॉक्स काढायला."

"कॉलेजात मशीन नाही?"

"आहे. पण रांग होती, आणि मला थांबायचं नव्हतं."

"किती वाजता पोचलास?"

"सव्वाअकराला असेल."

"झेरॉक्स दाखव."

"नाही झाल्या. दुकानदार म्हणाला, आज नाही. मग परत आलो."

"का नाही?"

"विचारलं नाही. ज्या आवाजात तो म्हणाला, त्यावरून काही विचारावंसं वाटलं नाही."

उघड्या दुकानातला माणूस दारात आलेल्या गिऱ्हाइकाला कारण न सांगता परत पाठवतो? मला हे खोटं वाटलं, आणि ते रचतानाही त्याने कष्ट घेतलेले नाहीत असं वाटलं. पौडचं ते दुकान माझ्या घरापासून शंभर पावलांवर आहे. तिथे जाऊन विचारणं सोपं होतं. पण ओळख नसलेल्या माणसाला असले प्रश्न विचारायचे म्हटलं की माझी जीभ जड होते. मी गेलो नाही.

निघताना शैलेश म्हणाला, "पहिला नंबर मला नको होता असं मी म्हणणार नाही. पण तिच्या मागून जाऊन घ्यायचा होता. ती पडल्यावर नाही."

मला तेही पाठ केल्यासारखं वाटलं.

अठरा तारखेला मी पायलला सांगितलं. पासवर्ड माहीत असलेल्या तिघांपैकी दोघी परीक्षेला. तिसऱ्याजवळ साक्षीदार नाही, सांगितलेली गोष्ट पटण्यासारखी नाही आणि फायदा त्याचाच. "बहुधा शैलेश," मी म्हणालो.

पायल आणि किमयाने कंपनीला लिहिलेल्या पत्रात 'बहुधा' हा शब्द नव्हता.

४

हंगाम एकवीस तारखेला संपला. शैलेश पहिला आला. कंपनीने त्याची नेमणूक थांबवून ठेवली. चोवीसला त्याचं पत्र आलं.

मी उत्तर लिहायला बसत होतो. 'चि. शैलेश' असं लिहून थांबत होतो. मी चुकलो असेन असं वाटत होतं, पण ते मला प्रत्येक गोष्टीबाबत वाटतं. दुधाचा हिशेब बरोबर आला तरी वाटतं. त्यामुळे या वाटण्याला किती किंमत द्यायची ते कळत नव्हतं.

चार डिसेंबरला सकाळी वाचनालयात मी पुन्हा ती यादी उघडून बसलो होतो. खंड्याचं काळं नाव पाहत होतो. अकराच्या सुमारास पंखा थांबला, पडदा काळा झाला आणि यादी गेली.

शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचणारे हैबतराव मान वर न करता म्हणाले, "गेली का? जाऊ द्या. येतीय चारला."

मी खिडकी उघडली. मग तसाच उभा राहिलो.

आमच्याकडे गुरुवारी वीज जाते. तारा, खांब, रोहित्रं यांची कामं त्या दिवशी होतात. अकराच्या आसपास जाते ती चार-पाचला येते. इथे राहणाऱ्या माणसाला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की वीज गेल्याची नोंदच मनात होत नाही. गिरणीवाला गुरुवारी दळण घेत नाही, आणि का घेत नाही हे कुणी विचारत नाही.

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान मागे उलटलं. तेरा नोव्हेंबर. गुरुवार.

इतके दिवस सगळेजण 'तेरा तारीख' म्हणत होते. खेळाच्या यादीत तारीख असते, वार नसतो. वसतिगृहातल्या मुलांना गुरुवार माहीत नाही, कारण त्यांच्याकडे जनरेटर आहे. आणि मला माहीत होता, म्हणून मला तो दिसला नाही.

मी शंभर पावलं चालत झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार भिकू बाहेर स्टुलावर बसला होता. तेरा तारखेबद्दल मी इतक्या हळू विचारलं की त्याला ऐकू गेलं नाही. दोनदा विचारावं लागलं.

"गुरुवार व्हता न्हवं त्यो? मग आज न्हाईच म्हननार की. लाइट नसल्यावर मशीन काय फुंकर मारून चालवू?"

"पण कारण सांगितलं नाहीत त्याला."

"त्यात काय सांगायचं, सर? कुनाला ठाऊक न्हाई?"

शैलेशला ठाऊक नव्हतं. तो वाईचा आणि वसतिगृहात राहणारा. खोटं बोलायचं असतं तर त्याने एखादी पटणारी थाप मारली असती. 'आज नाही' हे दोन शब्द पौडच्या दुकानात उभं राहून ऐकल्याशिवाय कुणी मनाने रचणार नाही.

मग खंड्याला खेळवत कोण होतं?

५

दुसऱ्या दिवशी वीज होती. मी वही उघडली आणि किमयाचं वाक्य वाचलं. तासभर खेळ, वाढ शून्य.

दुष्ट हेतूने आलेल्या माणसाला तासभर फिरायची गरज काय? आला, उभा केला, संपला. आणि क्रमांकासाठी खेळणारा माणूस जिथे काही मिळत नाही तिथे मिनिटभर थांबणार नाही. म्हणजे त्या तासाचे गुण खंड्यासाठी नव्हतेच. खंड्या कुणाला तरी मागे घेऊन चालला होता, कुणातरी लहानाला. ते गुण त्या लहानाच्या नावावर जमा झालेले असणार.

पायल, किमया, शैलेश, तिघांनीही यादी शंभर वेळा पाहिली होती, पण पहिलं पान. वरच्या क्रमांकाचे खेळाडू खालची पानं उघडत नाहीत, तिथे त्यांचं कुणी नसतं. ग्रंथालयाची वार्षिक तपासणी मी नेहमी शेवटच्या कपाटापासून करायचो. यादी एकूण बेचाळीस पानांची. मी बेचाळिसाव्या पानापासून सुरुवात केली आणि फक्त शेवटच्या खेळाची वेळ वाचत वर सरकलो.

अडतिसाव्या पानावर ते नाव होतं. 'पाणकावळा'. सुरुवात १३ नोव्हेंबर, ९.५०. शेवटचा खेळ १३ नोव्हेंबर, ११.१३. पातळी एकोणतीस. त्यानंतर एकदाही नाही.

पहिल्या पातळीवरून एकोणतिसाव्यावर, दीड तासाच्या आत. आणि खंड्या मेल्यावर एका मिनिटाने तो कायमचा थांबला होता.

खंड्या आणि पाणकावळा, दोन्ही पाण्याकाठचे पक्षी. पुढचं मला नको होतं. पण मी पायलला फोन केला. एकच प्रश्न विचारला, "तुझा पासवर्ड आणखी कुठे साठवलेला आहे का?"

"नाही, सर. जुना लॅपटॉप आहे घरी, त्यात असेल. पण तो भंगार झालाय. बॅटरी मेलीय त्याची. वायर लावून ठेवली तरच चालतो." ती थांबली. "का?"

मी म्हणालो, सांगतो. आणि फोन ठेवला.

सहा तारखेला अभय मुंबईला गेला होता. सात तारखेला सकाळी मुळशीला त्यांच्या घरी गेलो. अंगणात भात वाळत होतं. अभय काठी घेऊन कोंबड्या हाकत होता. आईवडील कामावर गेले होते. त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः ओट्यावर बसला.

"तेरा तारखेला तू रिक्षा काढली नव्हतीस ना?" मी विचारलं.

"न्हाई. भात घातलं व्हतं वाळत. राखणीला मीच."

माझी पुढची वाक्यं मी घरून ठरवून आलो होतो. ती सगळी विसरलो. भलतंच बोललो. "तो पाणकावळा... तिसाव्या पातळीपर्यंत गेला ना?"

"एकोणतीस," अभय म्हणाला.

मी त्याला पकडायला मुद्दाम चुकीचा आकडा सांगितला, असं पायलला नंतर वाटलं. तसं नव्हतं. मला खरोखरच आकडा आठवला नव्हता.

अभयने काठी खाली ठेवली. कोंबड्या भातावर आल्या. त्याने त्यांना हाकललं नाही.

"तिचा वाढदिवस वीसला व्हता," तो म्हणाला. "गाडीतली पोरं सांगायची, तिच्यासंगं खेळायचं म्हंजी नशीब लागतं. मला वाटलं, त्या दिवशी आपन एकदम तिच्या म्होरं जाऊन उभं ऱ्हायचं. म्हनायचं, वळख, कोन हाय. पर एक नंबर लेव्हलला गेलो तर हसतील की सगळे. म्हनून तिच्या खंड्याला लॅपटॉपवर घेतला आन मी मोबाइलवर मागं. लई भारी पळत व्हता त्यो. बान नुसते सूं सूं. अकराला मोठ्या राक्षसाम्होरं गेलो आन..."

"वीज गेली."

"लॅपटॉप बंद. मोबाइल चालूच व्हता माझा. मी माझ्या पाणकावळ्याकडनं बघत व्हतो, सर. त्यो नुसता उभा. हलना, का बान मारना. मी मोबाइलवर बोटं आपटतोय, पर माझा एवढुसा, त्याचं काय चालतंय तितं? त्यो पडला. मग मी बी पळालो."

"गुरुवार लक्षात नव्हता?"

"गुरुवार लक्षात ऱ्हातोय व्हय कुनाच्या? मी हितंच जन्मलो." तो ओट्यावरून उठून माझ्यापुढे आला. "तिला सांगू नका. पाया पडतो. ती माज्याशी बोलायची न्हाई."

"शैलेशशी ती आजही बोलत नाही," मी म्हणालो. "आणि त्याने काही केलेलं नाही. त्याच्यावर आळ मी आणलाय."

"त्याला मिळाली की नोकरी."

"नाही मिळाली. आठ दिवसांत हातची जाईल."

मला एवढं बोलायची सवय नाही, तरी मी म्हणालो, "मी उद्या सकाळी शैलेशला पत्र लिहिणार आहे. त्यात तुझं नाव येईल. तिला ते पत्रातून कळावं की तुझ्याकडून, ते तू ठरव."

६

आठ तारखेला सकाळी मी पत्र लिहिलं. चौदा दिवस जमलं नव्हतं ते अर्ध्या तासात झालं.

'चि. शैलेश, खंड्याला तू मारलं नाहीस. कुणीच मारलं नाही. तेरा तारखेला गुरुवार होता. पायलच्या घरी तिचा भाऊ अभय खंड्याच्या मागे स्वतःचा नवा योद्धा वाढवत होता. वीज गेल्यावर लॅपटॉप बंद पडला आणि खंड्या दीड मिनिट उभा राहिला. यादीच्या अडतिसाव्या पानावर "पाणकावळा" हे नाव पाहा, वेळा जुळतील. झेरॉक्सचं मशीनही वीज गेल्यामुळेच बंद होतं. तुझं जे बोलणं मी खोटं धरलं, तेच तुझ्या बाजूचा पुरावा आहे. दुकानदाराला विचारायला मी शंभर पावलं गेलो नाही. ही चूक माझी आहे आणि हे पत्र तू कंपनीला दाखवावंस.'

सही करत होतो तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. पायल आत आली, मागून अभय. पायलचे डोळे सुजलेले होते.

"सांगितलंय मी," अभय म्हणाला.

"काल दुपारी घरी बोलावून सांगितलं," पायल म्हणाली. "मी लॅपटॉप उचलून अंगणात आपटला, सर. तसाही भंगारच होता." ती भावाकडे वळली. "तुला माझ्याबरोबर खेळायचं होतं तर विचारायचंस ना, दाद्या! मी नेलं असतं तुला मागून. हळूहळू. रोज."

"सरप्राइज द्यायचं व्हतं."

"दिलंस."

अभय भिंतीकडे पाहायला लागला. तिने पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. कंपनीच्या नावाने लिहिलेलं पत्र होतं. शैलेशबद्दल आम्ही आधी लिहिलं ते चुकीचं होतं, ते मागे घेत आहोत, तो स्वतःच्या खेळावर पहिला आला आहे. खाली तिची सही, किमयाची सही, आणि त्याखाली वाकड्या अक्षरांत अभयची.

"त्याला भेटलीस?" मी विचारलं.

"काल रात्री कँटीनमध्ये गेले होते. तो उठून गेला." तिने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "बरोबरच केलं त्याने."

मी दोन्ही कागद एका पाकिटात घातले आणि शैलेशचा वसतिगृहाचा पत्ता लिहिला.

"द्या हिकडं," अभय म्हणाला. "मी आत्ता लवळ्यालाच चाललोय. धा मिनिटात हातात देतो की त्याच्या."

"नको, दाद्या," पायल म्हणाली. "आपल्या हातून नको. रजिस्टर्डच जाऊ दे. कंपनीला तारीख लागेल."

आम्ही तिघे पोस्टात गेलो. खिडकीशी माझ्यापुढे पेन्शनवाल्या चंद्राबाई होत्या. त्यांचं होईपर्यंत मी पाकीट दोनदा उलटसुलट करून पाहिलं. पत्ता बरोबर होता. तरी आत काहीतरी चुकीचं लिहिलं असेल, एखादी वेळ, एखादा आकडा, असं वाटायला लागलं. पाकीट पुन्हा उघडावं का, या विचारात मी रांगेतून बाजूला झालो. पायलने माझ्या जागेवर उभं राहून ती राखली.

मी परत रांगेत आलो आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं. आतल्या कारकून बाईंनी ते वजनकाट्यावर ठेवलं, नोंदणीची चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला. तारीख नीट उठली का ते पाहिलं, आणि पाकीट लवळ्याच्या थैलीत टाकलं.